दार नंबर सात, दार नंबर आठ

४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

नमस्कार. फोन न करता पत्र लिहिते आहे याचा राग मानू नका. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही, उरलेल्या निम्म्यात मी रडते, मग तुम्ही ओरडता आणि कामाचं बोलणं राहूनच जातं.

काम असं आहे. हे गेल्यावर यांची पेन्शन थांबली. आता सैनिकाची बायको म्हणून मला जी कुटुंब पेन्शन मिळायला हवी, तिचा अर्ज मी केला. मला वाटलं, लग्नाचा दाखला, यांच्या मृत्यूचा दाखला आणि माझा फोटो दिला की झालं. फोटोत मी पाकीटमारासारखी दिसते, पण तो प्रश्न कुणी काढला नाही. प्रश्न निघाला तो पत्त्याचा. यांचा कागदोपत्री पत्ता दार नंबर सात आणि माझा दार नंबर आठ. नवरा-बायको शेवटपर्यंत एकत्र राहत असले पाहिजेत असा नियम आहे म्हणे. पेन्शन कचेरीतल्या चष्मेवाल्या बाई तशा बऱ्या आहेत. त्यांनी विचारलं, "तुम्ही वेगळ्या राहत होता का?" मी म्हटलं, "छे हो, समोरासमोर." त्या म्हणाल्या, "समोर म्हणजे वेगळंच की." आता यावर काय बोलायचं, सांगा.

मग चौकशीला एक तपासनीस आला. मी नेमकी वाचनालयात बांधलेली पुस्तकं पोचवायला गेले होते. त्याला जिन्यात भेटली कोण, तर खालच्या मजल्यावरची दातांच्या दवाखान्यात काम करणारी मुलगी. वर्षभरापूर्वीच राहायला आली आहे. त्याने तिला विचारलं, वरची दोघं नवरा-बायको म्हणून राहत होती का? पोरगी गोड हसून म्हणाली, "नाही हो, लग्न झालं नव्हतं अजून. पण आम्हाला सगळ्यांना वाटायचं, करतील."

वन्सं, तिची तरी काय चूक? ती रोज संध्याकाळी बघायची, समोरचे आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून माझ्या दारावर टकटक करतात, मी दार उघडते, ते "येऊ का?" विचारतात आणि जेवायला आत येतात. पुन्हा जाताना "छान झालं होतं हं" म्हणतात. चाळीस वर्षं लग्न झालेला माणूस असं करत नाही, हा तिचा हिशोब. तपासनीसाने ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

आता जवळच्या नातेवाइकाची साक्ष लागते. यांच्याकडून वडीलधारं माणूस तुम्हीच उरलात. "माझा भाऊ आणि वहिनी शेवटपर्यंत एकत्र राहत होते" एवढं सही करून पाठवलंत तर माझी गाडी पुढे सरकेल. नाही मिळाली पेन्शन, तर यांची खोली सोडावी लागेलच, पण पुस्तकबांधणीवर माझ्याही घराचं भाडं निघणार नाही. मग कुठे जायचं ते मी अजून ठरवलेलं नाही, आणि ठरवायची वेळ येऊ नये असं वाटतं.

गुडघ्याला तेल लावता ना?

तुमची,
वहिनी

११ फेब्रुवारी

वहिनीबाई,

आशीर्वाद. पत्र मिळालं. त्या दातवाल्या मुलीचं वाचून इतकी हसले की दुधाचं पातेलं करपलं. आमचा ढब्बू आणि प्रियकर! लहानपणी अंघोळीला धरून न्यावा लागायचा, आणि हा म्हणे केसांना पाणी लावून.

आता कामाचं. तुझं लग्न लागलं तेव्हा मी शेजारी उभी होते, ते लिहून देते. तू त्याचं आजारपण काढलंस, तो सैन्यात असताना एकटीने सासू-सासरे सांभाळलेस, ते दहा पानं लिहून देते. पण "एकत्र राहत होते" हे कसं लिहू? मी काय आंधळी आहे? गेली कितीतरी वर्षं मी येते आणि बघते, ढब्बूचा पलंग समोरच्या खोलीत. तुला विचारलं की तू म्हणतेस घोरतात. अगं, घोरण्यासाठी कुणी दुसरं घर भाड्याने घेतं? आमचे हे घोरायचे तेव्हा खिडकीची तावदानं वाजायची. मी उभा जन्म त्यांच्या शेजारी काढला, आणि ते गेल्यावर पहिले काही महिने त्या आवाजाशिवाय मला झोप येईना.

तुला माहीत आहे, मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. कोण खरं बोलतंय आणि कोण मला शेंडी लावतंय हे मला दारातून कळायचं. तुझं घोरण्याचं कारण मला पहिल्या दिवसापासून पटलेलं नाही. मी बोलले नाही, कारण नवरा-बायकोच्या मध्ये नाक खुपसू नये. पण मनात राहिलंच. घर तुझ्या हातात, स्वयंपाक तुझा, मित्रमंडळ तुझं, आणि माझा भाऊ म्हातारपणी एका खोलीत पाहुण्यासारखा. माझ्या भावाला तू घराबाहेर का काढलंस, वहिनी?

माझा तुझ्यावर जीव आहे म्हणून सरळ विचारते. नसता, तर गोड बोलून साक्ष टाळली असती. कारण सांग, साक्ष देते.

तेल लावते. उपयोग शून्य.

तुझी,
वन्सं

१९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुम्ही रागावलात तरी तुमचं अक्षर तेवढंच सुंदर असतं. कुठल्या मुलीने तुम्हाला कधी शेंडी लावली असेल असं मला वाटत नाही.

मी यांना घराबाहेर काढलं नाही. एवढं एकच वाक्य खरं माना. बाकी घोरण्याचं राहू द्या.

समोरच्या खोलीत बाजाची पेटी शिकवणारे मास्तर राहायचे, त्यांनी घर सोडलं, तेव्हा ती खोली यांनीच घेतली. भाडेकरार यांच्या नावावर, म्हणून कागदोपत्री पत्ता सात झाला. दिवसभर हे इथेच असायचे. मी पुस्तकं शिवायची, हे पाठीला खळ लावायचे आणि नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायचे. चिठ्ठी एक केसभर वाकडी गेली की उपटून पुन्हा. वाचनालयवाले म्हणायचे, तुमच्याकडची पुस्तकं कशी सैन्यासारखी उभी राहतात. संध्याकाळी हे इथून इस्त्रीचा शर्ट घेऊन त्या खोलीत जायचे आणि बदलून यायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, आत्ता तर इथून गेलात, दार कसलं वाजवता?" तर म्हणाले, "बाईमाणसाच्या घरी न विचारता जाऊ नये." त्यांना गंमत वाटायची त्यात. मलाही. मी पण कधी कधी विचारायची, "कोण पाहिजे आपल्याला?"

आज कचेरीत गेले होते. बाईंनी एक वाट दाखवली. त्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाल्या, "बघा, बायको वेगळी राहत असली तरी पेन्शन मिळू शकते. नवऱ्याच्या दोषामुळे तिला वेगळं राहावं लागलं असेल तर. या खुर्चीवर बसून कितीतरी सैनिकांच्या बायका मला हेच सांगतात. तुम्हालाही मारायचे का?" मी ताबडतोब नाही म्हणायला हवं होतं. पण शब्दच फुटेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना वाटलं त्यांना उत्तर मिळालं. कागद पुढे केला. 'पतीचा दोष' या रकान्याखाली सही केली की महिन्याभरात काम होईल म्हणाल्या.

मी सही केली नाही. करणारही नाही. पेन्शन त्यांच्या नोकरीची आणि सही त्यांना वाईट म्हणणारी, असे पैसे मला गिळवणार नाहीत.

म्हणून वन्सं, तुमची साक्षच काय ती उरली. तुम्ही कारण विचारता. ते सांगण्याची मला मुभा नाही. एवढ्यावर भागवता येईल का?

तुमची,
वहिनी

२५ फेब्रुवारी

वहिनी,

तू गप्प का बसलीस? त्या बाईने विचारलं तेव्हा तू गप्प का बसलीस?

ढब्बूने हात उचलला असेल तर मला ते कळलंच पाहिजे, आणि नसेल उचलला तर तुझ्या गप्प बसण्याने तो मेल्यावर बदनाम झालाय. मुभा नाही म्हणे! मुभा कोण देणार, सरसेनापती?

या पत्राच्या मागोमाग मी निघाले. गाडीवर घ्यायला येऊ नकोस, मला रस्ता माहीत आहे. समोरच्या खोलीत माझी गादी घाल.

वन्सं

९ मार्च

वहिनी,

घरी सुखरूप पोचले. तू दिलेला डबा गाडीतच संपवला. शेजारच्या बाईला एक घासही विचारला नाही.

चार दिवस तुझ्याकडे राहून मी दोन दिवस आधी परत निघाले आणि तुला गुडघ्याचं निमित्त सांगितलं. गुडघा ठीक आहे. तोंडावर विचारायचा धीर झाला नाही. मी, जिला सगळं वसतिगृह टरकायचं, ती तुझ्यासमोर चहा पीत बसले आणि विचारू शकले नाही. म्हणून लिहिते.

मी जन्मभर दारं तपासत आले. खोलीत शिरले की माझी नजर आधी कडीवर जाते, ही खोडच आहे. ढब्बूच्या खोलीचं कुलूप वेगळं आहे, ते मी पाहिलं. त्याच्या वर, छातीच्या उंचीवर, एक जाडजूड कडी आहे. गोठ्याच्या दाराला असावी तशी. आणि ती बाहेरून आहे. आतून काहीच नाही. आतली जी होती ती काढून टाकलेली आहे, स्क्रूची भोकं बुजवून त्यावर रंग मारलाय.

बाहेरून कडी, वहिनी. मी त्या पलंगावर पडून उघड्या दारावरच्या त्या कडीकडे बघत होते. माझा भाऊ रोज इथे झोपायचा आणि कुणीतरी बाहेरून कडी लावायचं. जिन्यावर त्या मजल्यावर दोनच दारं. कुणीतरी म्हणजे कोण, हे मला कुणी सांगायला नको.

तू त्याला कोंडून ठेवायचीस? ढब्बूला? लहानपणी आमच्या आईने एकदा त्याला शिक्षा म्हणून अडगळीच्या खोलीत कोंडलं होतं, तर मी आईशी दोन दिवस बोलले नव्हते.

चार दिवसांत मी तुला इतकं प्रेमाने वागताना पाहिलं की माझं डोकं चालेनासं झालंय. पण ती कडी मी स्वप्नात पाहिलेली नाही. साक्ष मी देणार नाही. कचेरीला तुझ्याविरुद्धही काही लिहिणार नाही. तू मला काय ते सांग, किंवा सांगू नकोस.

वन्सं

१३ मार्च

प्रिय वन्सं,

तुम्हाला चार दिवस मुद्दाम त्या खोलीत झोपवलं नव्हतं. तुम्हीच मागितलीत. मी कडीवर टॉवेल टाकून ठेवला होता, तो तुम्ही धुवायला काढलात. तिथेच मी ओळखलं.

यांनी मला शपथ घातली होती की हे कुणाला सांगायचं नाही. "आणि ताईला तर मुळीच नाही," असं वर म्हणाले होते. ती शपथ मी पेन्शनसाठी मोडली नाही. पण तुमचा भाऊ कैदेत मेला असं मनात घेऊन तुम्ही राहणार असाल, तर मला ती मोडलीच पाहिजे.

तुम्हाला माहीत आहे, हे सुरुंग काढणाऱ्या तुकडीत होते. पुढे हे चालणार, मागे माणसं थांबणार, वाट साफ झाली की हे हाळी देणार आणि मग बाकीचे यायचे. घरी आल्यावर त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. तुम्हाला ते फार शांत झाल्यासारखे वाटायचे. शांत दिवसा असायचे. झोपेत त्यांना कुठेतरी सुरुंग दिसायचा. आधी नुसते दचकायचे, मग ओरडायला लागले. आणि एकदा "खाली पड!" म्हणून माझा हात धरून त्यांनी मला पलंगावरून खेचलं, जमिनीवर टाकलं आणि स्वतः माझ्यावर पालथे पडले. माझं डोकं दोन्ही हातांनी झाकून. माझं मनगट तेव्हा मोडलं. न्हाणीघरात पाय घसरला असं मी तुम्हाला सांगितलं होतं आणि तुम्ही मला वेंधळी म्हणाला होतात.

जाग आल्यावर त्यांनी माझा हात पाहिला. त्यांचा चेहरा मला सांगता येणार नाही. मी सारखं म्हणत होते, अहो, तुम्ही मला वाचवत होता. ते म्हणाले, "पुढच्या वेळी मान मोडेल."

समोरची खोली त्याच आठवड्यात घेतली. कडी त्यांनी स्वतः विकत आणली, खालच्या घड्याळवाल्यांकडून ड्रिल मागून आणलं, आतली काढली आणि बाहेर ही लावली. मला म्हणाले, "रोज मी आत गेलो की लाव. सकाळी मी हाक देईन तेव्हाच उघड." शुद्धीवर असल्याची ती खूण. सकाळी आतून हाळी यायची, "वाट मोकळी!" त्यांच्या तुकडीत तीच असायची. घड्याळवाल्यांना वाटायचं हे व्यायाम करतात.

तर वन्सं, मी रोज कडी लावायची. चांगली खाडकन. आतून विचारायचे, "लागली?" मी म्हणायची, "लागली." मग घोरणं सुरू होईपर्यंत जिन्याच्या पायरीवर बसायची, आणि तेल घातलेली कडी अलगद, आवाज न करता पुन्हा काढून ठेवायची. सकाळी हाळी आली की रिकामीच कडी मागे-पुढे खडखडवून दार उघडायची. नवऱ्याला कोंडून झोप लागेल अशी बाई मी नाही. उद्या आत छातीत कळ आली, आग लागली, तर? माझा त्यांच्यावर विश्वास होता. त्यांचा स्वतःवर नव्हता. कडीचा आवाज ऐकला की त्यांना गाढ झोप लागायची, आणि त्या खोलीत गेल्यापासून ते झोपेत एकदाही उठले नाहीत. एवढं एकच खोटं मी त्यांच्याशी बोलले, पण रोज बोलले.

शेवटचंही सांगते, कारण ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्या पहाटे टकटक झाली, माझ्या दारावर. उघडलं तर हे जिन्यात उभे, हात छातीवर, घामाने भिजलेले. पण डोळे माझ्यावर, आणि चेहऱ्यावर चक्क हसू. म्हणाले, "मला तुला हाक मारायची होती. दार ढकललं तर उघडलं." मग विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, "पहिल्यापासून." तर म्हणाले, "फितूर आहेस."

आणि आत आले. या खेपेला विचारलं नाही. इतकी वर्षं रिकामी असलेल्या आपल्या बाजूवर जाऊन निजले. मी डॉक्टरांना फोन केला, शेजारी बसले. त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं, तेच, अगदी हलक्या हाताने. म्हणाले, "म्हणजे मी इतकी वर्षं उगाचच घाबरलो का गं?" मी म्हटलं, उगाच नाही, पण थोडं जास्तच. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. त्यांनी पत्ता विचारला, मी यांचं ओळखपत्र हातात दिलं, त्यावर सात नंबर. दाखल्यावर सात नंबर लागला. तेव्हा मला दारांचे नंबर कुठले सुचायला!

म्हणून त्या बाईंसमोर मी गप्प बसले. "मारायचे का?" याला 'नाही' हे उत्तर खरं होतं, पण पुरं नव्हतं, आणि पुरं सांगायची मला मुभा नव्हती.

आता साक्ष द्या, नका देऊ. पण कडीचा विचार करून रडू नका.

तुमची,
वहिनी

१८ मार्च

माझ्या गुणाच्या वहिनी,

रडू नका म्हणे. तुझं पत्र वाचून मी पोटभर रडले, मग उठून तोंड धुतलं, मग पुन्हा वाचलं आणि पुन्हा रडले. माझी म्हातारी शेजारीण विचारायला आली, कोण गेलं? मी म्हटलं, माझा भाऊ. ती म्हणाली, तो तर केव्हाच गेला ना? मी म्हटलं, मला आज कळलं.

तू माझे टोमणे इतकी वर्षं कसे गिळलेस गं? मी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "आमच्या वहिनीला मोठं घर लागतं." तू मला वाढत होतीस. तू फक्त विचारलंस, अजून थोडं घेता का. तुझ्या जागी मी असते तर वाढपाच्या डावानेच उत्तर दिलं असतं.

आणि त्या गाढवाने शपथ घातली, "ताईला मुळीच नाही." का, ते मला ठाऊक आहे. सैन्यातून रजेवर यायचा तेव्हा मी त्याला गल्लीभर मिरवायची. माझा भाऊ कशालाच घाबरत नाही, असं सांगत सुटायची. माझ्यासमोर घाबरायची त्याला सोयच ठेवली नव्हती मी. म्हणजे शपथ माझ्यामुळे घातलेली. तेव्हा ती मोडायचा हक्कही माझाच. तुला न विचारता मी साक्ष लिहिली आणि सरळ त्या चष्मेवाल्या बाईंच्या नावाने पोस्टात टाकली. रागावायचं तर इथे येऊन रागाव. नक्कल खाली देते.

"मी मृत सैनिकाची थोरली बहीण. अर्जदार ही माझी वहिनी. दोघं वेगळी राहत होती असं आपल्या तपासनीसाने लिहिलं आहे. मी त्या खोलीत, दार नंबर सातमध्ये, स्वतः चार दिवस राहून आले. तिथे एक पलंग, एक खुर्ची आणि एक कंगवा आहे. चूल नाही, पाण्याचा पेला नाही. माझ्या भावाचे शर्ट, औषधं, चष्मा, जुनी पदकं आणि जेवणाचं ताट हे सगळं दार नंबर आठमध्ये आहे. याला दोन घरं म्हणत नाहीत. घर एकच होतं, फक्त त्याच्या मधून लोकांचा जिना जात होता.

झोपायची खोली वेगळी का, तर सुरुंगांच्या कामाने माझ्या भावाची झोप कायमची बिघडली होती आणि झोपेत बायकोला इजा होईल या भीतीने तो स्वतः पलीकडे गेला. शेवटच्या पहाटे तो अलीकडे आला आणि बायकोच्या शेजारी गेला. तो मारत नव्हता. आपल्या कागदावर दोष कुणाचा हे भरलंच पाहिजे असं असेल, तर सुरुंगाचा असं भरा.

राहता राहिलं खालच्या मजल्यावरच्या मुलीचं. तिला ती दोघं नवरा-बायको वाटली नाहीत, कारण इतक्या जुन्या नवरा-बायकोला एकमेकांशी इतकं अदबीने वागताना तिने पाहिलं नव्हतं. मीही पाहिलेलं नाही. माझ्या भावाचा खरा पत्ता विचाराल, तर तो कुठल्या दाराचा नव्हता. ही माझी वहिनी, हा त्याचा पत्ता."

शेवटचं वाक्य कचेरीला चालतं की नाही देव जाणे. खोडून पुन्हा लिहायला दुसरा कागद नव्हता.

तुझी,
वन्सं

२२ एप्रिल

प्रिय वन्सं,

रागावणार होते. दोन दिवस प्रयत्नही केला. जमलं नाही.

तुमची साक्ष पोचल्यावर बाई स्वतःच आल्या, तपासनीसाला न पाठवता. आधी सात नंबर पाहिला, मग आठ. मग मला म्हणाल्या, "तुम्ही इथेच थांबा," आणि जिन्यात जाऊन एकट्याच उभ्या राहिल्या. एकदा त्या दारात, एकदा या दारात. मला वाटलं, आता टेप काढून मोजतात की काय! तेवढ्यात खालची दातवाली पोरगी वर आली. बाईंनी तिला सांगितलं की या दोघांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिथेच पायरीवर बसून रडायला लागली. "मग ते रोज दार का वाजवायचे?" म्हणाली. मी म्हटलं, "अगं, मी उघडावं म्हणून." मग बाईंनीही चष्मा काढून पुसला. तिच्याकडून नवा जबाब लिहून घेतला, घड्याळवाल्यांचाही घेतला.

जाताना म्हणाल्या, "तुमच्या नणंदेला सांगा, दोषाच्या रकान्यात सुरुंग भरायची सोय नाही. म्हणून मी तो रकानाच खोडते आहे. तुम्ही एकत्र राहत होता, तेव्हा त्याची गरजच नाही."

आज मंजुरी आली. यांच्या नावापुढे माझं नाव आहे, आणि त्याच्यापुढे 'पत्नी, शेवटपर्यंत एकत्र' असं छापलंय. पेन्शनसाठी जीव भांड्यात पडला, खोटं कशाला बोलू? पण रडू आलं ते छापलेल्या अक्षरांमुळे नाही. बाईंनी तुमची साक्ष फायलीतून काढून मला नकलेसाठी दिली, तेव्हा तुमच्या मूळ कागदावर वाचलं, 'ही माझी वहिनी.' तुमच्या नक्कल केलेल्या पत्रातही ते होतं, पण तेव्हा नुसतं वाचलं होतं. सरकारी शिक्क्याखाली पाहिल्यावर वाटलं, सरकारची आणि तुमची, मी दोघांची साक्ष एकदम जिंकले.

आता माझं म्हणणं ऐका आणि मध्ये बोलू नका. सातचं भाडं भरणं आता मला जमतं. ती खोली सोडायची नाही असं मी ठरवलंय. तुम्ही तिकडे एकट्या, जिने चढायचे ते तिथेही चढताच. इथे या. सकाळी चहा माझ्याकडे, दुपारी चिठ्ठ्या चिकटवायला मला माणूस हवंच आहे, आणि एक केसभर वाकडी गेली तरी मी बोलणार नाही. आतली कडी मी कालच पुन्हा बसवून घेतली, तुमच्या मनाप्रमाणे तपासून घ्या.

लाजू नका, संकोच करू नका. दोन्ही घरं तुमचीच आहेत. चुकलं. घर तुमचंच आहे.

तुमची,
वहिनी